मशीन कण्हत नाही

११ सप्टेंबर १९६७, सोमवार. लोणावळा.

चार दिवस पावसाची उघडझाप. सदू कुऱ्हाडवाला निरोप घ्यायला आला होता. पिंपरीकडे कारखान्यात लागला. पायांत नवे बूट, चालताना लंगडत होता. "मावशी, आता लाकडं दुसऱ्या कुणाकडनं फोडून घ्या."

बरं वाटलं त्याच्यासाठी. मग अंगणातल्या ओंडक्यांकडे पाहिलं. जांभूळ, हिरडा, एकेक माझ्या कमरेएवढा जाड. दिवाळीत आपल्या बोर्डिंगच्या आठही खोल्या भरतात. मुंबईची माणसं, पहाटेपासून बंबाचं ऊन पाणी मागणारी. फोडलेलं लाकूड जेमतेम दहा दिवसांचं.

स्वयंपाकाची गंगूबाई म्हणाली, "सायबांचं मशीन हाय की." म्हणाली आणि पदर खोचून आत गेली.

मागच्या पत्र्याच्या शेडकडे तीन वर्षांत मी गेलेली नाही. तुळशीला पाणी घालतानासुद्धा तिकडे पाठ करून उभी राहते.

१४ सप्टेंबर, गुरु.

शेड उघडलं. ताडपत्रीवर शेवाळ. खाली उंदरांचं घरटं, गंगूबाईच्या हरवलेल्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांचं.

"हितं हुतं व्हय. आन् मी धोबिणीवर आळ घेतलता."

"आता तिला सांग मग."

"ती मेली की मागच्या शिमग्याला."

हसलो दोघी. शेडमध्ये हसलो हे मागाहून लक्षात आलं.

मशीन तसंच आहे. हिरवा रंग पोपडे धरून. पेट्रोलचं इंजिन मिलिटरीच्या लिलावातलं, दट्ट्या कुठल्याशा मोडक्या डंपरचा, पाचर यांनी स्वतः घासून केलेली. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर दोन वर्षं हे त्याच्यापाशीच बसलेले असत. पाहुणे कौतुकाने बघायला येत. ओंडका आडवा ठेवायचा, दांडी ओढायची. नळ्यांतून तेल जोर करतं, दट्ट्या सावकाश पुढे येतो आणि ओंडक्याला पाचरीवर दाबतो. करकर करकर, आणि मग दोन फाका. कुऱ्हाडीचा घाव नाही, आरडाओरडा नाही. "लाकडाला पटवून द्यायचं," असं हे म्हणत.

खिळ्याला यांची टोपी. काढली नाही. झटकलीही नाही.

१६ सप्टें., शनि.

टोपीखालच्या फळीवर लाल पुठ्ठ्याची वही. मशीनची देखभाल, तारीखवार. रोज: तेलाची पातळी, नटबोल्ट. दर शनिवारी: प्लग साफ, हवेची जाळी. दरवर्षी मे महिन्यात: सगळं उघडून धुणे. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. त्यांचं अक्षर मोत्यासारखं नव्हतं, रुळासारखं होतं. सरळ.

ऑक्टोबर ६४ चं पान आपणहून उघडलं. तिथे वही दुमडलेली आहे.

"अपघात. उजव्या हाताची दोन बोटे. कारण: इंजिन बंद न करता हात घातला. चूक कोंडिबाची."

कोंडिबा आमच्याकडे लाकडाच्या कामाला होता, टाकवे बुद्रुकच्या वरच्या वाडीतला. हे त्या दिवशी पेन्शनच्या कामाला पुण्याला गेले होते. मी स्वयंपाकघरात. किंकाळी ऐकून धावले तेव्हा तो मशीनजवळ उकिडवा बसला होता, हात काखेत दाबून. एकच म्हणत होता, "बंद पडलंतं. कण्हलं, आन् बंद पडलंतं."

यांनी संध्याकाळी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीन कण्हत नाही, कोंडिबा. माणूस कण्हतो."

बोटं यांनीच फडक्यात गुंडाळून अबोलीच्या वाफ्यात पुरली. अबोली अजून फुलते. ती फुलं मी देवाला वाहत नाही, केसांत तर नाहीच.

१७ सप्टें.

गंगूबाईचं माहेर टाकव्याचंच. भाकरी थापता थापता सांगत होती, मी विचारलं नव्हतं.

वाडीच्या वर देवाची राई आहे. नवमीला राईतल्या दगडाच्या देवाला शेंदूर लावायचा मान कोंडिबाच्या घराचा. बाप, आजा, सगळे लावत आले. अपघाताच्या दिवशी मशीनवर होता तो हिरड्याचा ओंडका त्या राईतला, वाऱ्याने पडलेला. राईतलं वाळकं पानसुद्धा कोणी बाहेर नेत नाही. कोंडिबाने नेलं. यांनीच त्याला सांगितलं होतं, पडलेलं आहे, कुजून जाईल, घेऊन ये. मग बोटं गेली. वाडी म्हणाली, देवानं घेतली. मान चुलतभावाकडे गेला. दोन नवम्या झाल्या, ह्या वर्षीची तिसरी.

"आता तो राईच्या भाईरच उभा ऱ्हातो, बाई. आत पाय ठिवत न्हाई. कुणी आडवत न्हाई, त्यो आपला आपनच. कुऱ्हाडीला बी हात लावत न्हाई. ठकू एकलीच मजुरीला जाती."

ठकू म्हणजे त्याची बायको.

देवाचा कोप, नाहीतर कोंडिबाची चूक. तीन वर्षं एवढ्या दोनच गोष्टी होत्या. दोन्हींत तोच.

१९ सप्टें., मंगळ.

वहीप्रमाणे कामाला लागले. जुनं पेट्रोल काढलं, वार्निशसारखं चिकट झालेलं. इंजिनचं तेल काढलं, काळं. नवीन भरलं. प्लग तारेच्या ब्रशने घासला.

नळ्या तपासण्याचं यांनी अधोरेखित करून लिहिलंय. "हाताने चाचपू नये. बारीक गळतीचे तेल कातडीत शिरते. पुठ्ठा फिरवावा." जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा फिरवला. कोरडा. माझी बोटं कोणी इतकी जपली होती, ह्या विचाराने मध्येच बसून राहिले.

प्रत्येक ओळीपुढे मीही खूण केली. पेन्सिलीने. शाईने करायचा धीर झाला नाही.

२१ सप्टें., गुरु.

हवेची जाळी रॉकेलात धुतली. पाचरीला कानस. दट्ट्याखालच्या रुळाला ग्रीस. टाकीतलं तेल पट्टीने पाहिलं. टाकीचं मोठं टोपण घट्ट बसलंय, पट्टीचं भोक वेगळं आहे, म्हणून टोपणाला हात लावला नाही.

दुपारी चालू केलं. दोरी ओढायला आम्ही दोघी. सहाव्या हिसक्याला धरलं. धूर, खोकला, मग तो जुना एकसुरी आवाज. गंगूबाई टाळ्या वाजवायला लागली.

ओंडका न ठेवता दांडी ओढली. दट्ट्या निघाला, अर्ध्यावर आला, मंदावला. आणि मशीन कण्हायला लागलं.

दुसरा शब्द नाही. तापात पडलेलं माणूस कुशीवर वळताना करतं तसा आवाज. लांब, बारीक, आतून. दट्ट्या थांबला. आवाज थांबेना.

गंगूबाई केव्हा पळाली कळलं नाही. मी इंजिन बंद केलं.

हा आवाज मी आधी ऐकलाय. त्या दिवशी, स्वयंपाकघरात. वाटलं होतं, बंबाचं पाणी उकळतंय. नंतर यांनी विचारलं, काही ऐकलंस का, तर मी नाही म्हणाले. खरंच वाटत होतं, काही ऐकलं नाही.

तो खोटं बोलत नव्हता.

२२ सप्टें., शुक्र.

लिहून टाकते, नाहीतर उद्या मला ते खरं वाटणार नाही.

वहीत वर्षाच्या कामांत शेवटची ओळ: "टाकीचे टोपण रॉकेलात धुणे. वरचे श्वासाचे छिद्र टाचणीने मोकळे करणे. छिद्र बुजल्यास तेल अडते." छिद्र मला दिसेना. टोपण पान्याने सोडवलं. सुटताना हुस्स. कोणीतरी तीन वर्षं कोंडलेला श्वास आत घ्यावा तसं.

टोपणावर तांबड्या रंगाचा जाड थर. मला वाटलं गंज. रॉकेलात घातलं तरी सुटेना. सुरीने खरवडलं तर कपची निघाली, शेंदरी. त्याखाली छिद्र, पार लिंपलेलं.

शेंदूर.

मी लावलेला.

कपच्या काड्यापेटीत भरून ठेवल्या. का, ते सांगता येत नाही.

२३ सप्टें., शनि.

६४ चा दसरा. सासूबाई त्या श्रावणात गेल्या. तोवर खंडेनवमीला मशीनची पूजा त्याच करत, मला तबक धरायला लावून. "मडमांच्या शाळेत शिकलेली. शेंदूर कुठं लावायचा नि जाम कुठं लावायचा, हिला कुठलं कळायला." पाहुण्यांसमोरही म्हणत. हे वर्तमानपत्राआड हसत.

त्या वर्षी पहिल्यांदा मी एकटी. काही म्हणता काही कमी पडू द्यायचं नाही असं ठरवलेलं. झेंडूचं तोरण, नारळ, हळदकुंकू. देव्हाऱ्यातला शेंदूर चिमूटभर निघाला. मग यांच्या शेडमधला डबा आठवला. नळांच्या जोडांना लावायला हे जवसाच्या तेलात शेंदूर कालवून ठेवत. वाळला की दगड होतो, थेंब गळत नाही. सा.बा. चेष्टा करत, देवाचा शेंदूर नळाला. मी नळाचा देवाला लावला. मशीनचं कपाळ कुठलं, तर टाकीच्या माथ्यावरचं ते गोल टोपण. बोटाने थापून थापून लावला. कुठे फट म्हणून ठेवली नाही. मनात म्हटलं, बघा सासूबाई.

पुढे दहा-बारा दिवस लाकूड फोडायचंच नव्हतं. मशीन पहिल्यांदा चालू झालं ते त्या दिवशी.

हवा आत जायला वाट नाही, म्हणून तेल अडलं. दट्ट्या अर्ध्यावर थांबला. ओंडका तिरका झाला होता, कोंडिबाने तो सरळ करायला हात घातला. टोपणाच्या आट्यांतून कुठूनतरी हवा शिरली असेल. दट्ट्या उडी मारून पुढे आला.

इंजिन बंद करायला हवं होतं, हेही खरंच. पण थांबलेल्या गोष्टीला कोण घाबरतं.

आणि नंतर हे तीन-चार महिने कारण शोधत होते ते डोळ्यांपुढे येतंय. टाकीवर वाकलेले, आतलं तेल निरखत. टोपण काढून खाकी शर्टाच्या खिशात. टोपण काढल्यावर मशीन रोज नीट चालायचं.

२६ सप्टें., मंगळ.

पितृपक्ष चालू. यांचं श्राद्ध पुण्याला पुतण्या घालतो. मूलबाळ नाही आम्हाला. मी इथे नुसतं पान ठेवलं, खीर-वडे. कावळा लगेच शिवला. थोडा थांबला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी शाळा आठवत राहिली. चॅपलमधलं ते लाकडी कपाट, जाळीची खिडकी. शनिवारी ख्रिश्चन मुली फादरपुढे पापं कबूल करायला रांगेने आत जायच्या, आम्ही हिंदू मुली बाकावर बसून मोजे विणायचो. मला त्यांचा हेवा वाटे. फिलोमिना बाहेर आली की चेहरा धुतल्यासारखा. एकदा विचारलं, सगळं सांगतेस? म्हणाली, सांगावंच लागतं. एक लपवलं तर बाकीचीही सुटत नाहीत.

तेव्हा माझं पाप काय होतं, तर सिस्टर मार्थाच्या बागेतलं स्ट्रॉबेरीचं एक फळ.

कोंडिबाला सांगायला हवं. नवमीच्या आधी. एवढं परवाच ठरलं. ठरलं आणि दोन दिवस काहीच केलं नाही.

२९ सप्टें., शुक्र.

वही पुढे चाळली. अपघातानंतरही यांनी लिहिलंय, मला माहीत नव्हतं. पंप उघडला, ठीक. दांडीचा व्हॉल्व्ह उघडला, ठीक. नळ्या ठीक. प्रत्येकापुढे खूण. शेवटची ओळ फेब्रुवारी ६५ ची:

"टोपण लावून चालवून पाहणे."

पुढे खूण नाही. त्या वहीत खूण नसलेली एवढी एकच ओळ.

मार्चच्या अखेरीस हे गेले. आजारी तीनच दिवस होते. त्याआधी रोज सकाळी स्टेशनपर्यंत फिरून यायचे. मशीन चालू करायला पाच मिनिटं लागतात.

१ ऑक्टो., रवि.

आज आठवलं. किंवा आज आठवू दिलं.

फेब्रुवारीतली सकाळ, व्हरांडा. चहात पाव बुडवत यांनी विचारलं, "दसऱ्याला मशीनला शेंदूर कुठला लावला होतास?"

मी म्हटलं, "तुमच्याच डब्यातला. का?"

"बरं," म्हणाले. पाव विरघळून चहात पडला, तो चमच्याने काढत राहिले बराच वेळ. मग म्हणाले, "आज उन्हात बसू या थोडं." बसलो. माझ्या हातावर हात ठेवला होता, असं यांचं सहसा नसे.

त्या दिवसापासून मशीनचं नाव नाही. ताडपत्रीही त्याच आठवड्यात घातली.

म्हणजे कळलं होतं. मला वाचवलं, आणि कोंडिबाला तसंच ठेवलं. "चूक कोंडिबाची" ही ओळ खोडली नाही. खाडाखोड चालायची नाही त्यांना, हे मी स्वतःला सांगते आहे.

ती पाच-दहा मिनिटांची ऊब मला तीन वर्षं पुरली होती. तिची किंमत कोण देत होतं ते आज कळतंय.

५ ऑक्टो., गुरु.

घट बसले काल. आज कामशेतपर्यंत गाडीने, पुढे टाकव्याची एस.टी., मग चढ. गंगूबाई बरोबर. भाताची खाचरं पिवळी पडायला लागलीत. ठकू बांधावर गवत कापत होती, विळा टाकून पुढे आली.

कोंडिबा ओटीवर दोर वळत बसला होता. डाव्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने. केस पांढरे झालेत. उठला, उजवा हात पाठीमागे नेला. अजूनही माझ्यापासून लपवतो.

"बाई, तुमी कशापायी चढलात. निरोप धाडायचा."

काड्यापेटी त्याच्यापुढे ठेवली. सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी उलटसुलट झालं. टोपण, छिद्र, डबा, दसरा. ओंडका राईतला होता म्हणून नाही, तुझ्या हातामुळे नाही. माझ्यामुळे.

त्याने काड्यापेटी उघडली, कपची नखावर घेतली.

"ह्यो शेंदूर?"

"हो."

ठकू दारात. मग म्हणाला, "तीन वरसं मी त्येची माफी मागतोय, बाई. रोज. राईच्या भाईर उभं ऱ्हाऊन. आता तुमी म्हंता त्येनं काय केलंच न्हाई." कपची परत पेटीत ठेवली. "मंग माजं बोलनं आयकत कोन हुतं?"

ठकू एकदम म्हणाली, "आयकत असंल त्योच. म्हनून तर बाई आल्या."

"तू गप."

"गपच हाय तीन वरसं."

निघताना तो वाटेपर्यंत आला. "मशीन चालू हाय म्हंता. त्ये भोक पुन्हा बुजवाल? मला आवाज आयकायचाय. सपनात आयकतो तोच हाय का दुसरा."

८ ऑक्टो., रवि.

आला, सकाळच्या गाडीने. धुवट सदरा. गंगूबाईने चहा दिला नि म्हणाली, "बोटं न्हाईत म्हनून बशी धरू का?" "धर की. फुकून बी दे." किती वर्षांनी त्या दोघांची चेष्टामस्करी ऐकली.

आधी नीट चालवून दाखवलं, टोपण स्वच्छ. जांभळाचा ओंडका फुटला, सरळ. त्याने मान हलवली. मग इंजिन बंद केलं, छिद्रात कणकेची गोळी दाबली, परत चालू केलं. तो तीन पावलं मागे उभा. दुसरा ओंडका ठेवला, दांडी ओढली.

दट्ट्या निघाला. मंदावला. आवाज आला.

मी मशीनकडे बघत नव्हते, त्याच्याकडे बघत होते. डोळे मिटलेले. उजवा हात काखेत गेला, आपोआप. ओठ हलले, ते वाचता आले: ह्योच.

मग मी लांबूनच काडीने कणीक उडवली. हुस्स. दट्ट्या वीतभर उडी मारून पुढे आला आणि ओंडका फाटला. गंगूबाईने तोंडावर पदर घेतला.

इंजिन बंद केल्यावर फार शांत झालं. तो पायरीवर बसला. रडला नाही. म्हणाला, "मला वाटाया लागलंतं, मीच येडा. साहेब एवढं शिकलेलं, त्ये म्हनले मशीन कण्हत न्हाई. म्हनलं माजंच कान."

मग, अगदी सहज, पाणी मागावं तसं:

"साहेबांस्नी ठावं हुतं का, बाई? शेंदराचं?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग बरं," तो म्हणाला. "मानूस चांगलं हुतं."

काड्यापेटी बरोबर घेऊन गेला.

९ ऑक्टो., सोम.

झोपेतून उठले तीच ते "नाही" घेऊन.

माझं सगळं सांगितलं. यांचं ठेवून घेतलं. फिलोमिना म्हणायची ते सारखं कानात.

पण मेलेल्या माणसाचं मी कशी सांगू. त्यांनी माझ्यासाठीच केलं. आणि कोंडिबाला "मानूस चांगलं हुतं" एवढं उरलंय, तेही काढून घेऊ? हे लिहिताना बरं वाटलं, म्हणून ह्याच्यावर विश्वास नाही.

शेडमध्ये गेले. टोपी झटकली. उन्हात धूळ बराच वेळ तरंगत होती.

१२ ऑक्टो., गुरु. खंडेनवमी.

सकाळी मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला. टोपण कोरं ठेवलं, काही लावलं नाही. सा.बा. काय म्हणाल्या असत्या ते ऐकू आलं, पण आज त्याचं काही वाटलं नाही. वहीत वर्षाच्या कामांखाली लिहिलं: "टोपणाचे छिद्र पाहिले. मोकळे." पुढे खूण, शाईने. माझी पहिली.

दुपारी चार वाजता ठकू आली, घामाघूम, टोपलीत तांदळाच्या भाकरी. काड्यापेटी माझ्या हातात दिली. रिकामी.

"पहाटंच गेलं राईत. एकलंच. चुलतभाव यायच्या आदी. त्येच कपच्या तेलात खलल्या आन् डाव्या हातानं लावल्या देवाला. आता भावकी बसलीया. कुणी म्हनतंय इटाळ केला, कुणी म्हनतंय मान त्येचाच हुता. अजून उठलं न्हाईत."

"आणि कोंडिबा?"

"राईतच बसलाय. आत. लय दिसांनी बसलाय, बसू द्या म्हनलं." तिने पदराने तोंड पुसलं. डोळेही. "आयतवारी येतो म्हनलेत. लाकडं फोडायला. साहेबांच्या टायमाला यायचं तसं, आठ वाजता."

भाकरी ठेवून घेतल्या, तिच्या टोपलीत लाडू घातले.

फाटकाशी जाऊन ती परत फिरली.

"आन् आनिक एक. साहेबांची ती लाल वही हाय न्हवं, तीत माजं काय लिवलंय त्ये बाईंकडनं वाचून घ्यायचं हाय म्हनले. सगळी वही. त्यास्नी वाचाया येत न्हाई. तुमी वाचून दावाल न्हवं?"

"वाचीन," म्हटलं.

ती गेल्यावर व्हरांड्यात बसून वही मोठ्याने वाचून पाहिली, एकटीनेच. तेल, प्लग, जाळी. "चूक कोंडिबाची" इथे आवाज चिरकला, पण ते वाचेन. त्यापुढे पंप, व्हॉल्व्ह, नळ्या. सगळ्यांपुढे खुणा. उजव्या पानाच्या तळाशी नळ्यांची ओळ संपते. यांची शेवटची ओळ, टोपणाची, बिनखुणेची, मागच्या पानावर आहे, एकटी.

नळ्यांपाशी वही मिटली तर संपल्यासारखीच वाटते. त्याला कळायचं नाही. पान उलटायला एक बोट लागतं.

रविवारला तीन दिवस आहेत.